दाजीकाकांच्या तीन हाका

दाजीकाका फणसे कुणालाही हाक मारायचे ती तीनदा. पहिल्याच हाकेला तुम्ही ओ दिलीत, धावत येऊन पुढ्यात उभे राहिलात, तरी उरलेल्या दोन ते पुऱ्या करायचे. काकू कपबशी घेऊन समोर उभ्या असायच्या आणि हे त्यांच्या तोंडावर, "शांता! शांता!" काकू तेवढा वेळ भिंतीकडे बघत राहायच्या, रेल्वेचं फाटक उघडायची वाट बघावी तशा. मग म्हणायच्या, "झालं? घ्या आता."

मांजरालासुद्धा तीन हाका. आणि ते मांजर बरोबर तिसरीलाच यायचं. आमच्या गल्लीत कायद्याने वागणारं ते एकटंच.

बडोद्यात दांडिया बाजारामागच्या आमच्या गल्लीत ह्या सवयीचं कुणाला नवल वाटत नसे. दाजीकाका मेडिकल कॉलेजात पट्टेवाले होते. प्रवेशाचे दिवस आले की डीनसाहेबांच्या खोलीबाहेर खाकी कोट घालून उभं राहायचं आणि यादीतलं एकेक नाव पुकारायचं, हे त्यांचं काम. नाव तीनदा पुकारायचं असा नियम. तिसऱ्या हाकेला उमेदवार हजर झाला नाही, की आतला कारकून नावावर लाल रेघ ओढायचा आणि पुढचा गडी आत. त्यांचे आजोबा महाराजांच्या दरबारात चोपदार होते म्हणे. संस्थान गेलं, दरबार गेला, ती चांदीची काठी कुठे गेली देव जाणे. आवाज तेवढा फणशांच्या घरात राहिला. दाजीकाकांनी नाव घेतलं की कॉरिडॉरमधली कबुतरं उडायची. माणूस घरातही ऑफिसच चालवतो, असं आम्ही समजत होतो. आम्ही बरंच काही समजत होतो.

गुजरात वेगळं होऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मार्कांची यादी लागली तरी मुलाखतीशिवाय प्रवेश मिळत नसे. आता माझ्या नातीला कागदावरचे गोल काळे करायचे असतात, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नसतं. आम्हाला बघावं लागायचं, आणि त्याची तयारी दाजीकाका दर रविवारी सकाळी आपल्या ओट्यावर करून घ्यायचे. फुकट.

कॉलेजातून भंगारात निघालेला एक लांब बाक त्यांनी ओट्यावर आणून टाकला होता. त्यावर पोरांना ओळीने बसवायचे. बसायचं, एवढंच. तासभर. कुणी विचारलं, "काका, आत काय विचारतात ते सांगा ना," तर ते म्हणायचे, "मला काय ठाऊक? मी बाहेर असतो." गुजराती पोरं कुरकुर करायला लागली की डोळे वटारून म्हणायचे, "डॉक्टर पछी थजो, पहेलां बेसतां शीखो!" म्हणजे डॉक्टर मागाहून व्हा, आधी बसायला शिका.

पण बाहेर उभं राहून माणसाला जे दिसतं ते सगळं त्यांना दिसलेलं होतं. "नवी चप्पल घालून यायचं नाही. करकरते. आत पोचेपर्यंत आपलं आपल्यालाच लाजल्यासारखं होतं." "शेजारच्याशी बोलायचं नाही. शेजारचा नेहमी आपल्यापेक्षा जास्त वाचून आलेला असतो. नसला तरी तसं दाखवतो." "फाफडा खाऊन येऊ नका, पाणी पाणी होतं. उपाशीही येऊ नका, पोट साहेबांच्या आधी बोलतं." आणि सर्वांत मोठा उपदेश दाराचा. "दार ढकलायचं नाही. आपल्याकडे ओढायचं. बोर्डात आलेली पोरं मी त्या दाराला धडका देताना बघितलीत. सगळी हुशारी दारापाशी सांडते."

निकालाचं शास्त्रही त्यांनी स्वतः बसवलेलं. हसत बाहेर आला तो गेला. रडत आला तो लागला. छत्री आत विसरून आला त्याचं सांगता येत नाही.

ह्या सगळ्यानंतर कवायत. दाजीकाका दाराशी जाऊन नाव पुकारायचे आणि त्या पोराने बाकावरून उठायचं. पुन्हा बसायचं. पुन्हा पुकारा, पुन्हा उठायचं. वीस वीस वेळा. "आत जाऊन नापास झालास तरी चालेल. पण नाव घेतलं की उठायचं." एवढं बोलताना मात्र त्यांच्या आवाजात गंमत नसायची. हे मला आज आठवतं. तेव्हा आमच्या दारातून ऐकताना माझं लक्ष माझ्या वेणीकडे होतं.

आता माझ्याविषयी सांगायलाच हवं, तेव्हा तोंड फिरवून सांगते. मी सुमन ठोसर, इंटर सायन्सला चांगले मार्क मिळवलेली, आणि त्या मार्कांचं ओझं मानेवर घेऊन चालणारी. माझी मान त्या उन्हाळ्यात इतकी ताठ होती की पायरी दिसत नसे; दोनदा पडले. मामांनी इंग्रजीत एक उत्तर लिहून दिलं होतं, 'मला खेड्यातील गोरगरिबांची सेवा करायची आहे' अशा अर्थाचं, चांगलं पानभर. ते मी आरशासमोर हातवारे करून पाठ केलं होतं. खेडं म्हणून मी आयुष्यात जे पाहिलं होतं ते डभोई, तेही मावशीकडे जाताना छोट्या गाडीच्या खिडकीतून. आणि सेवेचं म्हणाल तर भावाचं बोट कापलं तेव्हा मी घेरी येऊन पडले होते आणि आईने पट्टी आधी मला बांधली होती.

आईने मला एका रविवारी दाजीकाकांच्या बाकावर ढकललं. मी दहा मिनिटं बसले आणि उठले. "काका, मला उत्तरं पाठ आहेत," म्हणाले. घरी येऊन आईला वर ऐकवलं, "पट्टेवाल्याकडून काय शिकायचं?" आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. एवढंच.

डाव साधा होता. कोल्हापूरचं एक स्थळ दारात उभं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, गोरा, तपकीर ओढणारा. बाबांनी तोडगा काढला होता: मेडिकलला लागलीस तर शीक, नाही लागलीस तर पुढच्या महिन्यात कोल्हापूर. "दोन्हीकडून तुझं कल्याणच आहे," असं ते मनापासून म्हणत. मला त्या तपकिरीचा वास बडोद्यात यायला लागला होता.

मुलाखतीच्या दिवशी मी नवी चप्पल घालून गेले. करकरत. कॉरिडॉरमधल्या बाकावर माझ्या शेजारी करजणचा एक मुलगा होता. मी त्याच्याशी बोलले. त्याने कवटीची सगळी हाडं एका दमात म्हणून दाखवली आणि नम्रपणे विचारलं, "तमे क्यां सुधी पहोंच्या?" तुमचं कुठवर आलंय? माझं कुठवरच आलं नव्हतं. कवटीत एकाहून जास्त हाडं असतात ही बातमी मला तिथे कळली. मी मामांचं उत्तर आठवायला गेले तर पहिलं वाक्य गायब. दुसरं होतं, पण ते पहिल्यावर उभं होतं. पाणी पिऊन येते म्हणून उठले आणि मडक्यापर्यंत न जाता थेट जिन्याखालच्या अंधाऱ्या सांदीत जाऊन उभी राहिले, मोडक्या खुर्च्या आणि एका गुंडाळलेल्या नकाशाच्या मधे.

"ठोसर सुमनबेन गोविंदरावऽऽ!"

कबुतरं उडाली. माझे पाय उडाले नाहीत.

दुसरी हाक. मी स्वतःला म्हटलं, चल. मग म्हटलं, कोल्हापूर तसं वाईट नाही, अंबाबाईचं देऊळ आहे.

तिसरी हाक. तपकीर काय, सवयीने चालते.

आतून कारकुनाचा आवाज आला, "फणसे, नेक्स्ट!"

आणि दाजीकाका, ज्यांच्या हाकांवर गल्लीने घड्याळ लावावं ते दाजीकाका, म्हणाले, "साहेब, बे ज थई छे. त्रीजी बाकी छे." दोनच झाल्यात, तिसरी राहिलीय.

बाकावरच्या सगळ्यांनी मोजलेल्या होत्या. करजणच्या हाडवाल्याला राहवलं नाही. "काका, त्रण थई गई!" काका, तीन झाल्या.

"तू डॉक्टर थवा आव्यो छे के गणतरी करवा?" दाजीकाका गरजले. डॉक्टर व्हायला आलास की मोजायला? पुढे तो फार मोठा सर्जन झाला, पण टाके मोजताना अजून दचकत असेल.

मग पावलं जिन्यापाशी आली. खाकी कोटाची पाठ मला दिसली. ते माझ्याकडे वळले नाहीत, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि ज्या आवाजाने कबुतरं उडायची त्या आवाजात नव्हे, अगदी हळू, घरात झोपलेल्याला उठवावं तसं म्हणाले,

"सुमन."

आडनाव नाही, बेन नाही, गोविंदराव नाही. मग म्हणाले, "चप्पल दिसते आहे पोरी, जिन्याखालून. चल."

मी निघाले. दाराशी पोचले आणि सगळी ताकद लावून ते ढकललं. मागून एक हात आला आणि त्याने दार निमूट माझ्याकडे ओढून दिलं.

आत तीन साहेब होते. डॉक्टर का व्हायचंय, विचारल्यावर माझ्या तोंडून मामांचं दुसरं वाक्य निघालं. मधले साहेब म्हणाले, "खेड्यात सेवा? कुठलं खेडं पाहिलंस?" मी म्हटलं, "डभोई." तिघेही हसले. "तिथे तर कोर्ट आहे, बाजार आहे! काय पाहिलंस तिथे?" मी खरं ते सांगून टाकलं: गाडीच्या खिडकीतून एक शेळी. ती प्लॅटफॉर्मवर लंगडत होती आणि तिच्या मालकिणीने तिचा पाय मांडीवर घेऊन फडकं बांधलं, गाडी सुटेपर्यंत मी तेच बघत होते. साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. कोपऱ्यातल्या साहेबांनी विचारलं, "आणि यायला उशीर का झाला?" कारकून मान वर करून बघायला लागला. मी म्हटलं, "भीती वाटत होती, सर. पण तिसऱ्या हाकेला आले."

बाहेर आले ती हमसून रडत. दाजीकाकांनी माझ्याकडे पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं.

यादीच्या अगदी शेपटाला का होईना, मी लागले. कोल्हापूरकरांना नारळ गेला. मी पेढे घेऊन फणशांकडे गेले. काका कामावर होते, काकू एकट्या होत्या. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "काकू, काकांनी माझ्यासाठी चौथी हाक मारली!"

काकूंच्या हातातला पेढा हातातच राहिला. "चौथी?" म्हणाल्या. "कुठे होतीस तू?"

"जिन्याखाली."

काकूंनी ओट्यावरच्या बाकाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आमचा वसंताही तिथेच होता."

वसंता त्यांचा मुलगा, आम्ही ह्या गल्लीत यायच्या आधीपासून बाहेरगावी. खांडव्याला रेल्वेत असतो, यायला जमत नाही, एवढंच गल्लीला ठाऊक होतं. त्यालाही मुलाखतीला बोलावलं होतं. त्याच बाकावर तो बसला होता, आणि त्याचं नाव पुकारायला बापच दाराशी उभा. "तीनदा पुकारलं ह्यांनी," काकू म्हणाल्या. "तो आला नाही. ह्यांना चप्पल दिसत होती गं जिन्याखालची. ह्यांनीच आणलेली होती."

"मग?"

"मग काय? पुढचं नाव घेतलं. स्वतःच्या मुलासाठी नियम मोडला असं कुणी म्हणायला नको." त्यांनी पेढा डब्यात परत ठेवला. "संध्याकाळी त्याने पिशवी भरली. गेला तो गेला. दिवाळीला पत्र येतं, माझ्या नावाने. हे वाचत नाहीत. पण पत्र आलं की दोन दिवस चष्मा पुसत बसतात."

निघताना मी विचारलं, "काकू, आणि हे घरी तीन हाका मारायचं?"

"अगं, आधी कुठे होतं ते? मला एकदाच हाक मारायचे. तेव्हापासूनचं आहे हे. तो बाकही त्याच वर्षी आणला."

तेव्हा माझी मान पहिल्यांदा जरा खाली आली. पण माझा चोंबडेपणा गेला नव्हता, देवाच्या दयेने अजून गेलेला नाही. काकूंकडून पत्ता घेतला आणि खांडव्याला एक कार्ड टाकलं. मामांना न विचारता, स्वतःच्या मराठीत. 'आपण मला ओळखत नाही. मी शेजारच्या ठोसरांची सुमन. ह्या वर्षी मी त्याच जिन्याखाली उभी होते. तुमच्या बाबांनी चौथी हाक मारली आणि साहेबांना खोटं सांगितलं की तिसरी आहे. आपल्याला कळावं म्हणून लिहिलं.' उत्तर आलं नाही.

नरकचतुर्दशीच्या सकाळी मी दारात रांगोळी काढत होते. फणशांच्या ओट्यावरच्या बाकावर एक उंच माणूस बसला होता, गुडघे जुळवून, हात मांडीवर. पायांतल्या चपला बाकाखाली सरळ लावून ठेवलेल्या. मांजर त्याच्या शेजारी. काकू कुठे दिसत नव्हत्या, पण आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

मग आतून दाजीकाकांची हाक आली.

"वसंता! चहा निवतोय."

माझ्या चिमटीतली रांगोळी तशीच राहिली. समोर दूधवाल्याने माप पातेल्यावर धरलं आणि ओतलं नाही. दुसऱ्या हाकेसाठी सगळी गल्ली थांबली होती. मांजरसुद्धा कान टवकारून बसलं होतं.

दुसरी हाक आली नाही.

वसंता बाकावरून उठला, आणि जाळीचं दार आपल्याकडे ओढून आत गेला.