काशीराम मध्ये येतो

गोराईच्या काशीरामचा पालक बोरिवलीकरांच्या कढईत पडेपर्यंत मध्ये माणसं लागतात, ही गोष्ट गेल्या वर्षी सरकारच्या ध्यानात आली. सरकारला फार वाईट वाटलं.

काशीराम म्हणजे माझे भावोजी, रत्नप्रभाताईचे मिस्टर. गोराईला त्यांची वाडी आहे. पालक, माठ, मुळा, कडेला दुधीचा मांडव. पहाटे भाजी काढायची, होडीत घालायची, की खाडीच्या ह्या बाजूला मी रिक्षा घेऊन उभाच. टोपल्या मागच्या सीटवर बसवून मी द्रौपदीबाईकडे सोडायचो. ती मार्केटच्या तोंडाशी बसते. जुडी तीस रुपयाला गेली तर पंधरा भावोजींना. बाकीचे द्रौपदी, होडीवाला आणि मी वाटून घ्यायचो. कुणी बंगला बांधला नाही, कुणी उपाशी झोपला नाही.

शेजारच्या जागेवर लग्नाचं लॉन झालंय. तो लॉनवाला दर महिन्याला यायचा. "काशीराम, देतोस काय वाडी?" भावोजी त्याच्या हातात एक दुधी द्यायचे आणि बोलायचे, "हा घे. वाडी राहू दे."

एका सकाळी दलालमुक्त भाजी अभियानाचे यज्ञेश साहेब आले. हुद्दा मध्यस्थ निर्मूलन अधिकारी. माणूस गोड. ताईने चहा दिला, तो दोनदा प्यायला.

"काशीरामभाऊ, तुमचे पंधरा रुपये कोण खातं?"

"खात नाय हो कोण. द्रौपदी दिवसभर उन्हात बसते, त्याचे घेते."

"म्हणजे खाते," साहेब बोलला, आणि टॅबवर टिक मारली.

द्रौपदी गेली. तिच्या जागी सोसायटीच्या गेटवर स्टॉल आला, वर छत्री, आत समन्वयक. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र काका शेतकऱ्याबद्दल बोलताना गहिवरतात. त्यांनी गेटवरची जागा शेतकऱ्याच्या प्रेमापोटी दिली. प्रेमाचं भाडं महिन्याच्या महिन्याला.

मग माझ्यावर टिक आली.

"रिक्षा प्रवासी वाहन आहे," साहेब बोलला. "पालक प्रवासी आहे का?"

"नाय साहेब. पण प्रवाशापेक्षा गप बसतो."

मी गेलो. होडीवाला गेला. मी जाता जाता बोललो, "साहेब, खाडीपण मध्येच येते की हो!" मस्करी केली मी. साहेबाने लिहून घेतलं. आठवड्याने वरून उत्तर आलं, खाडी दुसऱ्या खात्यात आहे, तूर्त राहू द्यावी.

आता भाजीला अभियानाची गाडी आली. गाडी खाडीवरून उडत नाही. ती भाईंदरवरून फिरून यायची आणि दहिसर नाक्याला अडकायची. सकाळी ताठ मानेने निघालेला पालक दुपारी गेटवर आडवा होऊन उतरायचा. तिथे प्रतवारी तपासनीस त्याला बघून 'ब' दर्जा द्यायचा. 'ब' दर्जाला भाव कमी. त्यातून गाडी, समन्वयक, तपासनीस आणि वर निर्मूलन शुल्क कापायचे.

"हे शुल्क कसलं?" भावोजींनी विचारलं.

"दलाल काढायला खर्च येतो ना, भाऊ. फुकट जातात का ते?"

पंधराचे नऊ झाले. दलाल होते तेव्हा पंधरा, दलाल गेले तेव्हा नऊ. भावोजी साधा माणूस, त्यांना वाटलं आपणच कुठेतरी चुकतोय.

"अहो, अनुदान आहे की!" साहेबाने धीर दिला. "तोट्यातल्या शेतकऱ्याला सरकार सोडत नाही."

"मग द्या ना."

"कसं देणार? तुम्ही फायद्यात आहात. नऊ रुपये सुटतायत तुम्हाला. थोडे तोट्यात या, मग बघतो."

आले. बियाणं महागाचं घेतलं, खत दुप्पट टाकलं, जुडी पडेल त्या भावात दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने मन लावून तोटा केला. हंगाम संपल्यावर अर्ज दिला, तो परत आला. अभियान यशस्वी शेतकऱ्यांसाठी असल्याने तोट्यात शेती करणारी व्यक्ती अपात्र आहे.

ताई मला बोलली, "नंदू, ह्या माणसाला मी दोनदा चहा दिला रे!"

त्या महिन्यात लॉनवाला आला. भावोजींनी त्याला दुधी दिला नाही. बसायला खुर्ची दिली. ताईने ते बघितलं आणि आत जाऊन उगाच भांडी आपटली.

तरी भावोजी बोलले, एकदा सभेत सांगून बघू. सोसायटीच्या हॉलमध्ये अभियानाची आढावा बैठक होती. एसी लावलेला, समोसे आलेले. मी भावोजींना घेऊन मागे उभा राहिलो.

साहेबाने पडद्यावर चित्र दाखवलं. डावीकडे शेत, उजवीकडे ग्राहक, मध्ये एक गोल.

"सगळे दलाल काढले, तरी भाजी म्हणावी तशी स्वस्त झाली नाही. का? कारण मध्ये अजून एक जण आहे. नियमात दलाल कोण? जो शेतातून माल उचलतो, पुढे देतो आणि मधले पैसे स्वतःकडे ठेवतो." साहेबाने गोलावर लाल दिवा धरला. "हे आपले काशीरामभाऊ."

भावोजींनी मागे वळून बघितलं, आपल्या नावाचा दुसरा कोण आलाय काय म्हणून.

"अहो साहेब, पिकवतो कोण? मी ना?"

"पिकवते जमीन, भाऊ. पाणी आणि ऊन निसर्गाचं. तुम्ही फक्त काढून देता. रागावू नका, पण जमीन तुमच्याकडून काय घेते? काही नाही. तुम्ही घेता."

शरच्चंद्र काका उठले. डोळे ओले. "काशीराम आम्हाला घरच्यासारखा आहे. त्याच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही." चष्मा पुसला. "तो गेला तर जुडीमागे किती वाचतील?"

"नऊ रुपये."

"मतदान घेऊ या," काका बोलले.

सगळा हॉल हात वर करून बसला. एका बाईंनी समोसा डाव्या हातात घेतला, उजवा मोकळा करायला.

शेत आणि ग्राहक यांची थेट भेट ठरली. पहिल्या रविवारी सोसायटी बस करून वाडीत गेली. पालकात उभं राहून फोटो काढले, मुळा उपटून बघितला, कच्चा निघाला म्हणून परत खोचला. दुसऱ्या रविवारी कोणी गेलं नाही, ऊन फार होतं. महिन्याने वाडी वाळली. साहेबाने वाडीला कारणे दाखवा नोटीस काढली आणि माडाला चिकटवली. वाडीने मुदतीत खुलासा केला नाही.

आता तिथे लॉन आहे. भावोजींनी वाडी लॉनवाल्याला दिली ती नोटिशीच्या पुढच्याच महिन्यात. भावोजी तिथेच हिरवळीला पाणी मारतात, पगारावर. हिरवळ खाता येत नाही म्हणून तिच्यावर कुठलीच योजना नाही, चांगली वाढते. ताई त्या बाजूची खिडकी उघडत नाही. अभियानाला मात्र बक्षीस मिळालं. तालुक्यात तोट्यातला एकही शेतकरी शिल्लक नाही, असं बक्षिसाच्या कागदावर खाली छापलंय, आणि ते खरं आहे.

परवा तुम्ही सोसायटीच्या गेटवरून माझ्या रिक्षात बसलात, आठवतं? मांडीवर पिशवी. पालकाची जुडी साठ रुपये लावली म्हणून सिग्नलपर्यंत कुरकुरत होतात. "मध्ये कोणीतरी खातंय बघा," असं बोललात.

तेवढ्यात सिग्नल सुटला, मी गियर टाकला. आता सांगतो. मध्ये कोणी नाही हो. तुम्हीच हात वर करून सगळे काढलेत.