अकरा कार्डांचे चव्वेचाळीस तुकडे

मला वाटलं होतं, लास वेगासला परतले की आई मला जुगाराच्या मशीनसमोर सापडेल, डोळे खोल गेलेली, आणि मी तिला हाताला धरून बाहेर काढेन. (एडिंबरात तीन वर्षं मी जुगाराच्या दुष्परिणामांवरच शिकले होते. पहिला रुग्ण घरातच मिळणार याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.) प्रत्यक्षात आई चर्चमधल्या जेवणासाठी पान्सित, म्हणजे फिलिपिनो शेवया, करायला गेली होती, आणि तिच्या खणात रबरबँड लावलेली अकरा कॅसिनोंची सदस्यत्वाची कार्डं होती. सोनेरी, चंदेरी, एक काळंसुद्धा.

मी एक छोटासा निर्णय घेतला. प्रत्येक कार्डाचे कात्रीने चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात, माशाच्या काट्यांवर टाकले. मग आईसाठी भाषण तयार करत बसले.

आई चार वाजता आली ती घाईतच. "खणातलं काळं कार्ड दे गं. पाचला काउंटर बंद होतो."

मी भाषण सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला तिने विचारलं, कार्डं कुठे आहेत? मी डब्याकडे पाहिलं.

आई ओरडली नाही. खुर्चीत बसली आणि पर्स मांडीवर घेऊन सगळं सांगू लागली. तिने जन्मात एक डॉलर मशीनमध्ये टाकला नव्हता. बँकेच्या एका कार्डामुळे एका हॉटेलवाल्यांनी तिला बड्या पाहुण्यांचा दर्जा दिला. तो दाखवल्यावर एका छोट्या कॅसिनोने 'मग आमच्याकडेही तोच घ्या' म्हटलं. त्याचं कार्ड पाहून दुसऱ्याने, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने. अशी पायरी पायरीने ती लॉफलिन गावातल्या कॅसिनोच्या काळ्या कार्डापर्यंत चढली होती. ते आज इथल्या मोठ्या हॉटेलात दाखवलं की एकतिसाव्या मजल्यावर एक रात्र फुकट. असं दुसरीकडचं कार्ड पाहून तोच दर्जा देण्याला 'मॅच' म्हणतात, आणि त्याचा आज शेवटचा दिवस होता. त्याच मजल्यावरच्या खोल्या आईने बावीस वर्षं साफ केल्या होत्या. उद्या तिला साठ वर्षं पूर्ण होणार होती.

"दुसऱ्या कुणी घातलेल्या चादरीवर एकदा झोपायचं होतं," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

(मी तीन वर्षांत जे काही वाचलं, त्यात हे कुठेच नव्हतं.)

नवं कार्ड लॉफलिनलाच मिळालं असतं, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास. मी डबा टेबलावर उपडा केला. चव्वेचाळीस तुकड्यांतून काळे चार शोधले, साबणाने धुतले, टेपने चिकटवले. पाचला सात मिनिटं कमी असताना आम्ही हॉटेलच्या काउंटरवर होतो.

काउंटरवरच्या अर्लीनबाईंनी कार्ड दोन बोटांनी उचललं आणि हुंगलं.

"पर्लिता, हे काय झालं?" त्यांनी आईला विचारलं.

"मुलगी बाहेर शिकून आली."

"माझा मुलगा वकील झालाय," अर्लीनबाई सहानुभूतीने म्हणाल्या. मग चष्मा लावून त्यांनी नियमांचा कागद वाचला, सावकाश, शेवटपर्यंत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "कार्ड दाखवायचं, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "एका तुकड्यात दाखवायचं, असं कुठे लिहिलेलं नाही."

नंबरातला एक आकडा कात्रीखाली गेला होता. आईने सोळाच्या सोळा आकडे तोंडपाठ म्हटले. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला उगाचच मान खाली घालावीशी वाटली.

एकतिसाव्या मजल्यावर आई आधी पलंगाभोवती फिरली, चादरीचे चारही कोपरे तपासले, एक कोपरा नापास केला आणि मगच आडवी झाली. पाच मिनिटांत घोरू लागली. इतकी सुखी व्यक्ती मी एकाही संशोधनात पाहिली नव्हती.

सकाळी जाग आली तेव्हा तिने स्वतःचा पलंग आवरला होता. माझाही, मी पांघरुणात झोपलेली असतानाच.

त्याच क्षणी मी ठरवलं. पुस्तकं बाजूला ठेवायची आणि आईच्या हाताखाली ही विद्या पहिल्यापासून शिकायची. तशीच खाली गेले आणि अर्लीनबाईंना म्हटलं, मलाही कार्ड द्या. त्यांनी विचारलं, मॅच करायला काय आणलंय? माझ्याकडे एकच होतं, विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, मशीनमध्ये घालूनही पाहिलं, आणि अतिशय हळुवारपणे परत दिलं.

"बाळा, हे कशालाच लागत नाही गं."