बॅटरी संपवणाऱ्या नलूकाकू

"मिलिंद, घड्याळाची बॅटरी लवकर संपवायची असेल तर काय करू?"

शेजारच्या नलूकाकूंनी हे विचारलं तेव्हा मी रविवारचे पोहे खात होतो. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी आपला सांगायला लागलो की स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, नको ते बंद करून टाका. काकूंनी ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला. "ते टिकवायचं झालं. मी संपवायचं विचारून राहिली."

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पूल कसे बांधतात ते शिकवतो. सांगलीहून जबलपूरला आलो तेव्हा कॉलनीने त्यातला फक्त 'इंजिनिअर' हा शब्द ऐकला आणि तेव्हापासून मिक्सर, गीझर, घड्याळं सगळं माझ्याकडे येतं. पण वस्तू बिघडवून द्या म्हणून आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

नलिनी डबीर म्हणजे आमच्या नलूकाकू एका मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण पायातले पांढरे कॅनव्हासचे बूट गेले नाहीत आणि आवाजही गेला नाही. भाजीच्या ठेल्याभोवती बायकांचा घोळका असला आणि मागून काकूंचं "चलो, लाइन में" ऐकू आलं, की घोळक्याची आपोआप रांग होते. ठेलेवालाही सरळ उभा राहतो.

काकूंच्या लेखी जगात दोनच गोष्टी, बरोबर आणि फाऊल. दुधात पाणी फाऊल, उशिरा येणं फाऊल, जेवणाच्या पंगतीत मध्येच उठणं फाऊल. स्वतःलाही सूट नाही. एकदा गणपतीत बायकांची संगीत खुर्ची होती. शेवटच्या खुर्चीवर काकू बसल्या, टाळ्या झाल्या, आणि काकू उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, गाणं थांबायच्या जरा आधीच मी बसली, फाऊल आहे. कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. बक्षिसाची स्टीलची बरणी त्यांनी स्वतः दुसऱ्या बाईच्या हातात दिली आणि घरी जाताना सगळ्या खुर्च्या उचलून ठेवल्या.

अशी ही बाई खोटं बोलणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण न विचारलेलं सांगणारही नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखत होतं. दुखण्यातच त्या बाजार करून आल्या, आमच्याकडे चहा पिऊन गेल्या, माझ्या बायकोला, अनघाला, लोणच्याचा मसाला देऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी बुटाची नाडी बांधायला वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. आम्हीच दवाखान्यात नेलं. स्टेंट टाकावा लागला.

मुलगी पल्लवी बंगळूरहून धावत आली. एकुलती एक. जबलपूरच्या शाळेत वाढलेली, त्यामुळे तिला मराठी समजते सगळी, बोलते अर्धी. तिने आईला विचारलं, "आई, तूने बताया क्यों नहीं?"

"कोणी विचारलं?" काकू म्हणाल्या.

पल्लवी उठून खोलीबाहेर गेली. परत आली ती ठरवूनच. आईच्या मनगटाला एक स्मार्टवॉच बांधलं. आईची पावलं, झोप, हृदयाचे ठोके, सगळं आता बंगळूरला दिसणार होतं. डॉक्टर म्हणाले होते जपून राहा. पल्लवीने त्याची मोठी यादी केली आणि त्यात पहिलं होतं, जिने चढायचे नाहीत.

तेव्हापासून पल्लवी आईला दिवसातून कितीतरी वेळा विचारायला लागली. ठोके जरा वाढले की फोन. काकू चटणी वाटत असत, किंवा दूधवाल्याला झापत असत, किंवा टीव्हीवर मुलींचा क्रिकेटचा सामना चाललेला असे. "पल्स वाढली म्हणते पोरगी. अगं, शेवटची ओव्हर आहे, वाढणार नाही तर काय होईल?" पण त्या चिडत नसत. फोन ठेवून घड्याळ पुसत.

हे पहिलं घड्याळ दिवसभर जेमतेम टिकायचं. दुपारी जेवणं झाली की त्याचा जीव जायला यायचा आणि चार्जिंगही गोगलगायीच्या चालीने व्हायचं. अनघा म्हणायची, एवढं महागाचं घड्याळ आणि रोज दुपारी झोपतं. काकू मात्र त्या घड्याळावर फिदा होत्या. फ्रिजवर क्रोशाचा रुमाल, त्यावर चार्जिंगची चकती, चकतीवर घड्याळ. आणि मग घराला कुलूप. संध्याकाळी घड्याळ भरेपर्यंत काकू हजर.

त्या मधल्या वेळात त्या कुठे जातात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अनघाने एकदा त्यांना ई-रिक्षात बसताना पाहिलं. आम्ही आपसात ठरवून टाकलं की काकू चोरून खोव्याची, म्हणजे आपल्या खव्याची, जलेबी खायला जातात. डॉक्टरांनी गोड-तळलेलं बंद केलं होतं, आणि जन्मभर जबलपुरात राहिलेल्या माणसाचं त्या जलेबीवाचून कसं होणार. आम्हाला बरंच वाटलं. एवढी शिस्तीची बाई, तिचंही काहीतरी एक फाऊल असावं.

दिवाळीत पल्लवी आली ती नवीन घड्याळ घेऊन. हे एकदा भरलं की पंधरवडा बघायला नको, आणि भरायला तासभरही लागत नाही. "अब टेन्शन ही नहीं आई, काढायचंच नाही हातातून," ती म्हणाली. काकूंनी ते हातात घेऊन पाहिलं. "छान आहे," म्हणाल्या. हरलेल्या कॅप्टनने हात मिळवावा तसा आवाज होता.

ती गेली आणि त्या रविवारी काकू माझ्याकडे आल्या.

मी विचारलं, नुसतं काढून ठेवलं तर काय बिघडतं? चार्जिंगला लावलं होतं म्हणून सांगायचं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोह्यांची बशी खाली ठेवली. चार्जिंगला नसताना चार्जिंगला होतं म्हणायचं? मग म्हटलं, भरलेलंच पुन्हा लावा. ते तर आणखी वाईट. गरज नसताना लावलं तर तो बहाणा झाला. आणि वर माझ्याच तोंडून त्यांनी कधीतरी ऐकलं होतं की बॅटरी खालपर्यंत उतरू द्यावी, पण पार संपू देऊ नये, आणि उगाच भरलेलीवर भरू नये. तो आता नियम झाला होता. तेव्हा रीतसर बॅटरी खाली आणायची आणि रीतसर भरायची, एवढाच मार्ग.

मी कारण विचारलं नाही. जलेबी डोळ्यांपुढे होती. स्क्रीन सतत चालू ठेवा, उजेड पूर्ण करा, ठोके अखंड मोजायला लावा, असं सगळं उलटं ज्ञान मी त्यांना दिलं. शेवटी म्हणालो, सगळ्यात जास्त बॅटरी खातं ते जीपीएस, ते चालू ठेवा. काकू पटकन म्हणाल्या, "ते नको." तेवढं मला खटकलं.

पुढचे काही दिवस काकू व्हरांड्यात बसून मनगटाला झटके देत होत्या, कारण हात हलला की घड्याळ उजळतं. समोरच्या दोन बायकांना वाटलं हा हृदयासाठी नवीन व्यायाम आहे. त्याही आपापल्या व्हरांड्यात बसून मनगटं झटकायला लागल्या. काकूंनी त्यांना विचारलं, काहून करून राहिल्या? त्या म्हणाल्या, फायदा वाटतो. घड्याळ शेवटी एक दिवसाआड चार्जिंगला यायला लागलं. काकूंना ते पुरेसं नव्हतं, पण त्यांनी ते पंचाचा निर्णय म्हणून मान्य केलं.

मग थंडीतली एक दुपार आली. मी कॉलेजात होतो आणि पल्लवीचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "मिलिंददादा, आईचं घड्याळ कधीपासून बंद आहे. हे तर तासाभरात भरतं ना? फोन भी नहीं उठा रही."

जुनं घड्याळ असतं तर तिला काहीच वाटलं नसतं. मी स्कूटर काढली. काकूंच्या दाराला कुलूप. खिडकीच्या जाळीतून आत पाहिलं, तर फ्रिजवर रुमाल, रुमालावर घड्याळ, आणि शेजारी काकूंचा फोन वाजत होता. कॉलनीच्या तोंडाशी ई-रिक्षा उभ्या असतात, तिथे गेलो. एका रिक्षावाल्याला विचारलं, डबीर मॅडम दिसल्या का. तो म्हणाला, "मैडम? उनको तो घमापुर छोड़ा था। वापस नहीं आईं क्या?" आणि स्वतःच गाडी वळवली. मी स्कूटर तिथेच लावून मागे बसलो.

घमापुरच्या बाजारातून आत, एका बोळात त्याने थांबवलं. समोरच्या घरी लग्न होतं आणि बँड असा वाजत होता की रिक्षावाल्याचं बोलणं मला ओठांवरून समजून घ्यावं लागलं. तिसरा मजला, तो म्हणाला. जिना शिडीसारखा उभा होता. दुसऱ्या मजल्यापर्यंत माझीच छाती भरून आली. हा जिना स्टेंट टाकलेली बाई चढते, या विचाराने ती आणखी भरली.

वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत जमिनीवर, पलंगाला पाठ लावून, दोन म्हाताऱ्या बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक आमच्या काकू. दुसरीच्या अंगाभोवती काकूंची शाल होती आणि तिचा उजवा हात काकूंनी आपल्या दोन्ही हातांत धरला होता. त्या तो हळूहळू वर नेत होत्या आणि खाली आणत होत्या. "एक... दो... ढीला नहीं, मैडम, ढीला नहीं।"

मला पाहून त्या म्हणाल्या, "बरं झालं आलास. ह्यांना उचलायचं आहे."

त्या तिवारी मॅडम. काकूंच्याच शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. मुलगा-सून कामावर, त्यामुळे दुपारी एकट्या. त्या दिवशी खुर्चीतून उठताना त्या घसरल्या. काकूंनी त्यांना जमेल तेवढं सावरून खाली बसवलं, उचलून पाहिलं, आणि छातीत कळ आल्यासारखी वाटली म्हणून थांबल्या. हाका मारल्या त्या बँडने खाल्ल्या. मॅडमना एकटं सोडून जिना उतरणं काकूंना पटेना. मग त्या शेजारी बसल्या आणि बसल्या बसल्या पीटी सुरू केली.

रिक्षावाल्याला वर बोलावून आम्ही मॅडमना पलंगावर नीट बसवलं. लागलं कुठेच नव्हतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे बोट केलं आणि अडखळत म्हणाल्या, "ज़िद्दी है।"

काकूंनी मग सांगितलं ते मला नीट जुळवावं लागलं, कारण मध्येमध्ये मॅडम मान हलवून दुरुस्त्या करत होत्या. शाळेत दोघींचं हाडवैर होतं. एकाच मैदानात गृहविज्ञानाचे पापड वाळायचे आणि पीटीची धूळ उडायची. एकदा व्हॉलीबॉल थेट लोणच्याच्या परातीत पडला. त्यानंतर रिटायर होईपर्यंत दोघी एकमेकींशी फक्त मुख्याध्यापिकेमार्फत बोलल्या. मग गेल्या वर्षी दवाखान्यात काकू तपासणीला गेल्या असताना मॅडम व्हीलचेअरवर दिसल्या. "हात चुकीचा उचलून राहिली होती, मिलिंद. बघवेना," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात खाली बँड थांबला आणि माझ्या खिशातला फोन वाजला. पल्लवी. मी काही ठरवायच्या आत काकूंनी हात पुढे केला.

त्यांनी सगळं सांगितलं. कुठे आहे, कितव्या मजल्यावर, कधीपासून येते. छातीत कळ आल्यासारखी वाटली तेही, कारण पल्लवीने विचारलं. पलीकडून रागाचा आणि रडण्याचा आवाज मलाही येत होता. काकू ऐकत राहिल्या. मग पल्लवीने विचारलं असावं, का जातेस. काकूंनी खिडकीकडे तोंड केलं.

"तू मला रोज विचारतेस बरी आहे का. ते बरोबर आहे तुझं, बेटा," त्या म्हणाल्या. "पण इथे कोणी विचारत नाही बरी आहे का. इथे मी उशिरा आली तर ही रागावते. माझी वाट पाहून रागावणारं आता दुसरं कोण आहे?"

काकूंनी फोन माझ्या हातात परत दिला.

काकूंना आम्ही तिथून सरळ डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत काळजीचं काही निघालं नाही. डॉक्टरांना जिन्याचं विचारायला काकू इतके दिवस कचरत होत्या, कारण विचारलं आणि नाही म्हणाले तर ते पाळावं लागलं असतं. त्या दिवशी विचारलं. डॉक्टर म्हणाले, चढा, पण प्रत्येक मजल्यावर बसून. माणूस उचलायचा नाही. पुढच्याच आठवड्यात पल्लवी येऊन तो जिना स्वतः चढली, तिवारी मॅडमच्या हातचं नाही तरी त्यांच्या सुनेच्या हातचं लोणचं खाऊन आली, आणि जिन्याच्या वळणांवर दोन स्टुलं ठेवून गेली. काकू आता घड्याळ हातात घालूनच जातात. ते चार्जिंगला लावतात सकाळी, आंघोळीच्या वेळी.

परवा मला घमापुरात काम होतं म्हणून मी काकूंना सोडायला गेलो. दुसऱ्या मजल्यावर त्या स्टुलावर टेकल्या आणि फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, बसलीस?"

"बसली."

"मग मी पण बसते. इधर भी सीढ़ी है, ऑफिस की।"

फोनमधून तिकडच्या जिन्यावरून कोणाच्या तरी सँडल वाजत गेल्या. काकूंनी फोन स्पीकरवरून काढला आणि कानाला धरला. त्यांच्या मनगटावर ठोक्यांचा आकडा उतरत होता, मला दिसत होता. उतरला, थांबला, अगदी साधा झाला. आता उठायला हरकत नव्हती, हे बंगळूरलाही दिसत असणार. दोघींपैकी कोणीच फोन ठेवला नाही.