सबनीसांची एक रिकामी चौकट

आमच्या कॉन्डोत बार्बेक्यूची जागा बुक करायची तर एक पानाचा फॉर्म भरावा लागतो. बाकीचे लोक नाव आणि फ्लॅट नंबर खरडून मोकळे होतात. सबनीस मात्र आधी मागच्या बाजूचे नियम वाचतात, मग खिशातून सहा इंची पट्टी काढतात आणि जी चौकट आपल्याला लागू नाही तिच्यात सुवाच्य अक्षरात 'लागू नाही' असं इंग्रजीत लिहितात. गाडी नंबर : लागू नाही. पाळीव प्राणी : लागू नाही.

"अंकल, नो कार मीन्स लीव्ह ब्लँक, लाह!" सिक्युरिटीवाला इथल्या बोलीतल्या इंग्रजीत कळवळून सांगतो.

"रिकामी चौकट म्हणजे माणूस विसरला की लपवतोय, हे वाचणाऱ्याला कसं कळणार?" सबनीस मला मराठीतून विचारतात. आणि बार्बेक्यू? सबनीस शाकाहारी. त्यांना तिथे बसून नुसतं पुस्तक वाचायचं असतं.

वय अठ्ठावन्न. पंचवीस वर्षं अमेरिकेत काढून, तिथलं नागरिकत्व घेऊन, तिथल्याच कंपनीने वन-नॉर्थच्या प्रयोगशाळेत पाठवलं म्हणून इथे आलेले. पगार आणि आरोग्यविमा अजून तिकडचाच. बायको दहा वर्षांपूर्वी वेगळी झाली. मुलगी इरा शिकागोला. ही सगळी माहिती मला त्यांच्या टॅक्स रिटर्नमधून मिळाली, गप्पांतून त्यांनी फक्त एकच वाक्य दिलंय : "आधी इन्स्ट्रक्शन्स वाचा, देवधर."

ते वाक्य मी स्वतःच्या कर्माने मिळवलं. मी रॅफल्स प्लेसला अकाउंटंट आहे आणि जगातला कुठलाही फॉर्म आपल्याला न वाचता भरता येतो असा माझा समज होता. दोन वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये सबनीस म्हणाले, "रिटर्न एकदा दुसऱ्या डोळ्यांखालून जावं." मी म्हटलं, "द्या, चहा होईपर्यंत भरूनच देतो."

अमेरिकेत आजारपणाच्या खर्चासाठी एक बचत खातं असतं. त्यात घातलेल्या पैशांवर कर नाही, पण दरवर्षी किती घातले ते वेगळ्या फॉर्मवर सांगावं लागतं. सबनीसांच्या पगारातून दर महिन्याला रक्कम कापली जाऊन त्या खात्यात जात होती. पगार त्यांचा, म्हणजे पैसे त्यांचे, म्हणजे 'तुम्ही स्वतः भरलेली रक्कम' या ओळीत. मी ऐटीत आकडा टाकला.

सबनीसांनी चष्मा पुसला. "हे मी भरलेले नाहीत. कंपनीने भरलेत."

"अहो, पण तुमच्याच पगारातून गेले ना?"

"पगारातून परस्पर गेले, म्हणून त्यांच्यावरची करसूट आधीच मिळालीय. पगाराच्या दाखल्यावर बारा नंबरच्या चौकटीत डब्ल्यू, म्हणजे कंपनीमार्फत, असं लिहून दिलंय. तुम्ही ते पुन्हा माझे म्हणून दाखवलेत, तर एकाच पैशावर मी दोनदा सूट घेतो. त्याला चोरी म्हणतात, देवधर."

वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या घरात, माझ्या चहाबरोबर मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. माझी बायको मेधा स्वयंपाकघरात तोंडावर पदर घेऊन हसत होती; आणि ती साडी नेसत नाही.

सबनीसांच्या तावडीत सापडायचा मेधाचा नंबर गेल्या गणपतीत लागला. तिने सगळ्यांना एकच आमंत्रण पाठवलं : 'सहकुटुंब दर्शनास यावे.' पाच मिनिटांत सबनीसांचा फोन.

"वहिनी, माझ्या आमंत्रणात दुरुस्ती करा. 'सहकुटुंब' खोडा. एक ऑगस्टपासून मी एकटा आहे."

"बरं, तुम्ही एकटे या," मेधा कशीबशी म्हणाली आणि फोन ठेवून हसत सुटली. दहा वर्षं एकटा राहणारा माणूस तारखेनिशी एकटा झाला होता! मी तो किस्सा ऑफिसात नक्कल करून सांगितला. माझी नक्कल चांगली होते.

या मे महिन्यात सबनीस नेहमीप्रमाणे फाइल घेऊन आले. नेहमीप्रमाणे सगळं भरलेलं, पट्टीने ओळी आखलेल्या. पण त्या खात्याच्या फॉर्मवर, अगदी पहिल्याच ओळीत, दोन चौकटी होत्या आणि दोन्ही कोऱ्या. विमा कसला होता? फक्त स्वतःचा, की कुटुंबाचा? एकीवर टिक करायची.

"सबनीस! तुमची चौकट रिकामी?" मला भलताच आनंद झाला.

"तेवढं तुम्ही सांगा," ते म्हणाले. "इरा माझ्या विम्यात होती. सव्वीस पूर्ण झाली की मुलांना काढतात. जुलैत झाली. तिला तिच्या नोकरीचा विमा आहे आता. चांगलंच आहे. तिने फोनवर अंगठा पाठवला."

"मग डिसेंबरअखेर विम्यात कोण?"

"मी."

"झालं तर! फक्त स्वतःचा. हा काय प्रश्न आहे?"

सबनीसांनी फॉर्म स्वतःकडे वळवला. "आणि... कुटुंब केलं तर?"

"सबनीस, तुम्ही?" मी खदखदून हसलो. दोन वर्षांचं उट्टं निघत होतं. "वाचणाऱ्याला काय वाटेल? याला चोरी म्हणतात!"

ते हसले नाहीत. "बरोबर आहे तुमचं," एवढं म्हणाले, फाइल आवरली आणि गेले. चहा तसाच.

"काय बोललास तू त्यांना?" मेधाने विचारलं.

"बरोबर उत्तर दिलं."

"इन्स्ट्रक्शन्स वाचल्यास?"

वाचल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येताना एमआरटीच्या गाडीत उभ्या उभ्या, फोनवर, आयुष्यात पहिल्यांदा वाचल्या. वर्षात काही महिने कुटुंबाचा आणि काही महिने फक्त स्वतःचा विमा असेल, तर जो जास्त काळ होता त्यावर टिक करा. डिसेंबरचा काही संबंधच नव्हता. मी बोटांवर मोजलं. जानेवारी ते जुलै. सात. पुढे ऑगस्ट...

ऑगस्ट. एक ऑगस्टपासून मी एकटा आहे.

बोटं तशीच उघडी धरून मी उभा राहिलो. आमचं ब्युओना व्हिस्टा स्टेशन कधी गेलं कळलं नाही; क्लेमेंटीला उतरून उलटी गाडी पकडली.

सबनीसांनी दार उघडलं. मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होतो. टेबलाला दोन खुर्च्या. एकीवर जुन्या रिटर्नच्या फायली, वर्षवार. टेबलावर कालचा फॉर्म. 'फक्त स्वतःचा' या चौकटीत पेन्सिलीने बारीक टिक.

"माझं चुकलं," मी दम लागलेल्या आवाजात म्हणालो. "सात महिने कुटुंब, पाच महिने एकटे. जास्त काळ धरायचा. कुटुंबावर टिक करा. मी इन्स्ट्रक्शन्स..."

"सात आणि पाच," सबनीस म्हणाले. "मोजलं होतं मी."

"अहो, मग मला कशाला विचारलंत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तीनदा मोजलं. तिन्ही वेळा मला हवं तेच येत होतं. म्हणून भरवसा वाटेना."

मी बसायला जागा शोधली. त्यांनी खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या.

"खात्यात मात्र डिसेंबरपर्यंत कुटुंबाएवढेच पैसे जात राहिले," ते म्हणाले. "कंपनीला सांगून कमी करायचे होते. दर महिन्याला उद्या सांगू म्हटलं."

"मग एकट्याच्या मर्यादेपेक्षा जास्त झाले असतील. काढावे लागतील."

"काढले. सेंटपर्यंत. त्यात काही खोटं नाही." त्यांनी पट्टी फॉर्मवर ठेवली. "टिक कुठेही केली तरी कराचा आकडा बदलत नाही. ते पाहिलंय मी. नुसती टिक आहे."

"असू दे की. खरी आहे."

सबनीसांनी खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीची खूण पुसली. कागदावरचे कण फुंकले नाहीत, पट्टीच्या कडेने हळूच ढकलले. मग पेन उघडलं आणि कुटुंबाच्या चौकटीत टिक केली. पट्टीने आखल्यासारखी नाही. जरा वाकडी, चौकटीबाहेर गेलेली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "पुढच्या वर्षी मी आधी इन्स्ट्रक्शन्स वाचून येतो. मग दोघं मिळून मोजू."

"या ना," सबनीस शाई वाळायची वाट बघत म्हणाले. "चहाला या. पुढच्या वर्षी मोजायचं काम नाही. सगळे बारा महिने एकाच चौकटीत."