अकरा मिनिटांची पळापळ

बालवाडीच्या अंगणात लंगडीची घरं आणि आकडे लिहिलेला लांबलचक साप रंगवून रंगारी निघून गेला, तेव्हा बाईंना वाटलं, सुटले एकदाची. कचेरीचा कागद मोठा कडक होता. तपासणीत मुलं निदान दहा मिनिटं पळताना दिसली नाहीत, तर बालवाडी बंद आणि अंगणात कचेरीच्या गाड्या लागणार. आणि ही बावीस मुलं तर मुलखाची बैठी! दोन-दोन खोल्यांत, ‘पळू नको, खालचे ओरडतात’ ऐकत वाढलेली. या अंगणाखेरीज त्यांना पळायला दुसरी जागाच नव्हती.

“दोन दिवस कुणाचा पाय पडू देऊ नका,” रंगाऱ्याने जाताना बजावलं होतं.

बाईंनी ते काम मावशींवर सोपवलं आणि तिथेच माशी शिंकली. झाडलोट करून मुलांना सांभाळणाऱ्या मावशी जीव लावणाऱ्या, पण तोंडाला लगाम नाही. त्यांनी दोन वाक्यांत बंदोबस्त केला, “रंगावर पाय पडला ना, की चिकटतो. मग डॉक्टर येऊन कापून नेतात!”

दोन दिवसांत रंग वाळला, भीती काही वाळेना. मुलं भिंतीला पाठ घासत वर्गात येऊ लागली. संडास सापाच्या पलीकडे, त्यामुळे रोज चार-पाच चड्ड्या ओल्या.

“अहो मावशी, काय सांगून बसलात हे?”

“मला काय ठाऊक एवढं खरं मानतील! घरी आमचा नवरा एक शब्द ऐकत नाही.”

मावशी सगळ्यांसमोर सापावर उभ्या राहिल्या. “त्यांनी चपला घातल्यात,” एक चिमुरडी म्हणाली. मावशींनी चपला काढल्या. मुलांनी पाय निरखून पाहिले.

“म्हाताऱ्यांचे नसतील चिकटत,” चिमुरडीने निकाल दिला.

आणि अशातच तपासणीचे साहेब उगवले, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात तक्ता. बावीस मुलं भिंतीला पालीसारखी चिकटून उभी.

“पळत का नाहीत ही?”

“लाजतात, साहेब. थांबा, मीच करून दाखवते.”

पन्नाशी उलटलेल्या बाईंनी एक पाय उचलला. पहिलं घर झालं, दुसरं झालं. चौथ्या घरात गुडघ्यातून कट्ट आवाज आला आणि बाई मटकन खाली बसल्या. “आई गं! माझा पाय!”

उठता येईना. मुलांनी ओळखलं, बाई चिकटल्या. मग जी किंकाळी उठली आणि जी पळापळ सुरू झाली! बावीसच्या बावीस मुलं भिंतीकडेने गरगर धावू लागली. धरायला मावशी मागे लागल्या, तशी ती जास्तच सुटली. “डॉक्टरांना सांगू नका!” एक पोरगा रडत रडत ओरडत होता. “बाईंचा पाय नेतील!”

“साहेब, थांबवा हो त्यांना!” बाई कळवळल्या.

“छे छे, थांबवायचं कशाला!” साहेबांची नजर घड्याळावर. “अकरा मिनिटं! उत्तम!”

तक्त्यात किती मिनिटं पळाली याला रकाना होता. का पळाली, याला नव्हता.

बालवाडी वाचली. बाई महिन्याने प्लास्टर काढून परतल्या, तर टेबलावर नवा कागद. तुमची बालवाडी आदर्श ठरली आहे. सोमवारी मोठे साहेब स्वतः पाहायला येतील. मुलं तशीच पळाली नाहीत, तर आधीचा अहवाल खोटा धरून बालवाडी बंद करण्यात येईल.

बाईंचे दोन्ही पाय शाबूत पाहून मुलांची भीती तिथल्या तिथे गेली. आता मुलं सापाच्या पोटात मांडी ठोकून निवांत बसायची. “पळा रे,” म्हटलं की नुसती हसायची.

मावशींनी कागद दोनदा वाचून घेतला. मग बाईंच्या खुर्चीशी उकिडव्या बसत हळूच विचारलं, “बाई, आता कशाची भीती घालू?”

वीस वर्षांत बाईंनी एका मुलावर डोळे वटारले नव्हते. ‘काहीतरीच काय, मावशी!’ असं त्या म्हणणारच होत्या. त्यांनी अंगणाकडे पाहिलं.

“फार मोठी नको,” बाई म्हणाल्या. “दहा मिनिटं पुरेल एवढीच.”