न पाहिलेल्या बाकूच्या चौदा टिप्स

बाकूला जाऊन आलेला माणूस बाकूबद्दल चार शब्द बोलतो, ते समजण्यासारखं आहे. दुबईच्या करामा भागातल्या उपेंद्र केळसकरांनी न जाताच चौदा टिप्स दिल्या, तिथे त्यांचं चुकलं.

तसे ते अझरबैजानच्या या राजधानीला जायला निघाले होते. ईदच्या सुट्टीत, बायको कुंदा आणि आठ वर्षांच्या मिहिकाला घेऊन, पार विमानतळाच्या काउंटरपर्यंत. तिथल्या मुलीने उपेंद्रचा पासपोर्ट उलटून पाहिला आणि नम्रपणे सांगितलं, सर, मुदत निदान सहा महिने उरलेली लागते, सतरा दिवस कमी पडतायत. झालं! आता कुठल्या तोंडाने घरी परतायचं? वरच्या मजल्यावरच्या समिधावहिनींना तुळशीला पाणी घालायला किल्ली दिलेली, अर्धी बिल्डिंग खाली येऊन टाटा करून गेलेली. आणि हे गृहस्थ हमरियाच्या फ्री झोनमध्ये काम काय करत होते, तर दुसऱ्यांची कागदपत्रं तपासायचं! तेव्हा टॅक्सी वळली ती थेट तासाभरावरच्या अजमानला. चार दिवस तिघं तिथल्या समुद्रावर राहिली. कुंदाने तर घामाच्या धारा पुसत, जॅकेट चढवून फोटोही काढून घेतला.

"बट बाबा, धिस इज अजमान," मिहिका म्हणाली.

"समुद्र सगळीकडे सारखाच असतो," असं म्हणून कुंदाने विषय आइस्क्रीमवर नेला.

परत आल्यावर तिने समिधावहिनींना बकलाव्याचा डबा दिला. तेवढ्यावर थांबले असते तर खलास, प्रकरण मिटलं असतं. पण वहिनींचे यजमान रामेश्वर, उपेंद्रच्याच ऑफिसातले, त्यांनी सहज विचारलं की काय, कसं आहे बाकू? 'छान आहे' एवढं पुरे होतं हो. पण निघण्याआधी तीन महिने फोनवर बाकू वाचून काढलेला माणूस तो, त्याला कसं राहवणार? जुन्या शहरात फरसबंदीवर चालायचं, तर नव्या चपला घालू नका. समुद्राकडून वारा असा येतो की टोपी चुकूनही नको. समुद्रकाठच्या बुलेव्हार्डवर संध्याकाळीच जा. चहाबरोबर मुरांबा मागून घ्या. शाकाहारी असाल तर ऑर्डर देताना दोनदा सांगा. अशा एकेक करत चौदा टिप्स झाल्या. चौदावी होती, सामान कमी न्या.

रामेश्वरांनी त्या टाइप करून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून शारजापासून अबुधाबीपर्यंत लोक फोन करू लागले. कुणाच्या सासूचे गुडघे दुखत होते, तिला जुन्या शहरातले चढ झेपतील का? कुणाच्या बाळाला तिथलं दूध चालेल का? उपेंद्र एका हाताने फोन कानाला लावायचा आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर उत्तर शोधायचा. महिन्याभरात तो 'बाकूवाले केळसकर' झाला. मंडळाने स्नेहसंमेलनात त्याचं भाषणच ठेवलं. चाळीस मिनिटं तो बोलला, आणि वाईट म्हणजे चांगला बोलला. पहिल्या रांगेत कुंदा मान खाली घालून बसली होती.

टाळ्या थांबायच्या आत रामेश्वर उठले. पुढच्या ईदला आपण अकरा जण बाकूला जातोय, म्हणाले, आणि पुढारी केळसकर. रजा मिळणार नाही म्हणावं, तर रामेश्वरांनी साहेबांची सही आणलेली. पासपोर्टचं निमित्त सांगावं, तर तो कधीच नवा होऊन आलेला. वर्षानुवर्षं कमावलेली अब्रू आता बाकूच्या विमानतळावर जाणार, एवढंच उपेंद्रला दिसत होतं.

आणि वेळ तशीच आली. बाकूला उतरल्यावर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने केळसकरांच्या तिन्ही पासपोर्टांवर नजर टाकली आणि विचारलं, "फर्स्ट टाइम इन बाकू?"

शेजारच्या काउंटरवर रामेश्वरांनी कान टवकारले. हो म्हणावं तर इभ्रत जाते, नाही म्हणावं तर सरकारी माणसापुढे खोटं. एवढ्यात मागे उभ्या असलेल्या समिधावहिनी हळूच पुटपुटल्या, "भावजी, हो म्हणा. अजमानचा बकलावा फार छान होता."

उपेंद्र जेमतेम "येस" म्हणाला.

"काय विचारतोय तो?" रामेश्वरांनी पलीकडून विचारलं.

"पासपोर्ट नवा दिसतोय म्हणतोय," वहिनींनी परस्पर सांगून टाकलं.

सामानाच्या पट्ट्यापाशी उपेंद्रने त्यांना गाठलं. "वहिनी, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. डब्याखाली दुकानाचा पत्ता होता."

"मग मला पुढारी कशाला होऊ दिलंत?"

"टिप्स चांगल्या होत्या की! आणि अकरा माणसं सांभाळायची, तर चार दिवस कशालाच नाही म्हणू न शकणारा माणूस बरा पडतो. ह्यांना मी अजून काही बोललेले नाही हं," वहिनी गोड हसल्या. मग पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती लाल बॅग आपली. तिच्यामागची निळीसुद्धा. आणि त्या तीन मोठ्या."

पाच बॅगा अंगाखांद्यावर लादून उपेंद्र दाराबाहेर पडला. समुद्रावरून वारा आला तो अगदी टिप्समध्ये लिहिल्याबरहुकूम, आणि उपेंद्रच्या डोक्यावरची टोपी उचलून पार्किंगच्या पलीकडे घेऊन गेला.

"बाबा, यू टोल्ड एव्हरीवन नो कॅप्स," मिहिका म्हणाली.

टोपी धरायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.