फोनवरून कानतपासणी

साहेबांनी अहवाल टेबलावर ठेवला तो पहिल्या आलेल्या मुलाचं प्रगतिपुस्तक ठेवावं तसा. "वाचा. शहरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे कान ठणठणीत आहेत."

कारकुनाला वाचायची गरज नव्हती. पाहणी त्यानेच केली होती. सत्तरीपुढच्यांना घरी फोन करायचा आणि विचारायचं, आपल्याला नीट ऐकू येतं का. ज्यांनी फोन उचलला त्या सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं. काहींनी तर "ओरडताय कशाला?" असंही सुनावलं होतं. ज्यांनी उचलला नाही ते, नियमाप्रमाणे, घरी नव्हते.

"म्हणजे कानाचा दवाखाना आता बंद करायला हरकत नाही," साहेब म्हणाले.

अण्णांना, म्हणजे कारकुनाच्या वडिलांना, ऐकण्याचं यंत्र त्याच दवाखान्यातून मिळायचं होतं. तूर्तास अण्णांना जेवायला हाक मारली की शेजारचे दार उघडून बघत.

"साहेब, न उचलणारे बरेच आहेत."

"फिरायला गेले असतील. यावरून तब्येतीही उत्तम आहेत हेच दिसतं."

"आमच्या अण्णांनीही उचलला नाही. फोनला खेटून पेपर वाचत बसले होते."

"मग त्यांनी तक्रार करायची होती. तक्रारीसाठी फोन नंबर दिलाय की आपण."

कुणी ठासून बोललं की आपलंच चुकत असावं, असं कारकुनाला वाटायचं. तरी चाचरत तो म्हणाला, "आपल्या वडिलांना एकदा लावून बघता का?"

साहेबांनी ऐटीत फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. त्यांनी पुन्हा लावला.

"अंघोळीला गेले असतील." मग फोन ठेवत म्हणाले, "मी कधीही फोन केला तरी अंघोळीलाच असतात."

कारकून छताच्या पंख्याकडे बघत राहिला.

साहेबांनी अहवाल उचलून खणात टाकला. "पुन्हा करा पाहणी. समोर बसवून विचारा. एवढे म्हातारे एका जागी कुठे मिळतील?"

"कानाच्या दवाखान्यात, साहेब," कारकून म्हणाला. ते खोटं नव्हतं.

नव्या पाहणीत शहरातले झाडून सगळे म्हातारे बहिरे निघाले. वरच्या कचेरीत धावपळ उडाली. दवाखाना राहिलाच, शेजारी दुसरा मंजूर झाला. अण्णांना यंत्र मिळालं आणि सुनेचं पुटपुटणं त्यांना प्रथमच कळू लागलं.

या यशानंतर साहेबांनी डोळ्यांची पाहणी हाती घेतली. प्रश्न छापून घरोघर पाठवायचे ठरले. कागद कमी लागावा म्हणून अक्षर मुंगीएवढं घेतलं होतं.

कारकुनाने नमुना डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि अदबीने विचारलं, "साहेब, हा एकदा आपल्या मातोश्रींना वाचायला देता का?"